पालकांचा सहभाग: सुधारणा हवी

दुसरीतल्या लेकीच्या डायरीत बाईंनी लाल शाईने लिहून पाठवलंय, 'पालकांचा सहभाग कमी. सुधारणा हवी.' स्टार लेकीला, शेरा मला.

ग्रुपवर मेसेज आला रात्री आठला. उद्या बोरीबंदर–ठाणे पहिल्या रेल्वेचं मॉडेल आणणे, टाकाऊतून टिकाऊ. म्हणून टाकाऊ विकत घ्यायला जांभळी नाक्याकडे धावले.

स्टेशनरीवाल्या काकांनी मान वर न करताच विचारलं, "कितवी?"

"दुसरी."

"म्हणजे रेल्वे. उशीर केलात. 'अ' तुकडीला कालच आलं. काळा घोटीव कागद संपला. नंबर हवाय की नुसतं द्यायचंय?"

"नुसतं द्यायचंय."

डॉक्टरांनी नातेवाइकांना बाजूला बोलवावं तसा त्यांचा चेहरा झाला. "तरी इंजिनं तीन लावा. साहिब, सिंध, सुलतान. मागे एकांनी एकच लावलं, परत आलं. डबे चौदा होते, पण चार चालवून घेतात. '१६ एप्रिल १८५३' छापील पट्टी पाच रुपये."

"थर्माकोल आहे?"

काकांनी इकडेतिकडे बघितलं. "बंदी आहे वहिनी, २०१८ पासून." मग हळूच, "किती जाडीचं?"

मी नको म्हटलं, तर त्यांनी माळ्यावरून तयार गाडीच काढली. सातशे. "थोडी वाकडी करून देतो, मुलीने केल्यासारखी वाटेल. त्याचे पन्नास वेगळे."

मी बाणेदारपणे पुठ्ठा आणि फेव्हिकॉल घेऊन निघाले. बाणेदारपणाचं फळ वर लाल शाईत आहेच.

केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं, दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच; तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास. पालकसभेत हे काढलं तर बाई गोड हसल्या. "ऐच्छिक आहे हो. कुटुंबाने एकत्र वेळ घालवावा, एवढंच." घालवला की! साडेअकराला नवरा ग्लू गनने अंगठा भाजून घेऊन इंग्रजांच्या नावाने शिव्या घालत होता, मी चाकं म्हणून बाटल्यांची बुचं चिकटवत होते, आणि जिचा प्रोजेक्ट ती केव्हाच झोपली होती. त्याच धोरणात म्हटलंय, एवढ्या लहान मुलांना वर्गात बोलतं करा, काल संध्याकाळी काय खेळलात, काय जेवलात. विचारलं असतं तर लेकीने खरं सांगितलं असतं: मॅगी, आणि बाबा ओरडला.

प्रदर्शनात पुढच्या टेबलावर दिवे लागणारी, शिट्टी वाजवणारी गाडी होती. ती सात वर्षांच्या मुलाने केली, असं सगळ्यांनी गंभीर चेहऱ्याने मान्य केलं. एकीची आई दोन ठिकाणी काम करते. तिच्या मुलीने वहीच्या पुठ्ठ्यावर स्वतः पेन्सिलने डबे काढले होते, खिडक्यांत माणसंसुद्धा. सगळ्या खोलीत मुलाच्या हातची तेवढी एकच गाडी, आणि ती ठेवली होती मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी. तिच्या डायरीत काय शेरा गेला असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

काल पुढचा मेसेज आलाय. आजीची मुलाखत, तीन मिनिटांचा व्हिडिओ. सासूबाईंनी पैठणी इस्त्रीला दिलीये आणि प्रश्नही स्वतःच लिहून काढलेत. चौथा प्रश्न आहे, 'तुमची सून कशी आहे?'