तुमचं होत आलं ना?

गिरगावातल्या एका जुन्या उपाहारगृहात साबुदाणा वड्याचा पहिला तुकडा मी तोंडात घातला आणि त्याच क्षणी माझ्या उजव्या खांद्यावरून एक हात पुढे आला व त्याने एक कापडी पिशवी माझ्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवली. पिशवीतून अळूची पाने डोकावत होती. मी मान वळवून पाहिले, तर पांढऱ्या स्वच्छ बुशशर्टातले, सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ माझ्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते आणि अतिशय आपुलकीने विचारत होते, "तुमचं होत आलं ना?"

ही गेल्या शनिवारची गोष्ट आहे आणि तो वडा अजून माझ्या घशाखाली नीट उतरलेला नाही.

आम्ही उभयता सकाळपासून जुनी मुंबई पाहत होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावू लागली आणि काळबादेवी, गिरगाव ही नावे स्थानकांवर झळकली, तेव्हापासून "एकदा तो सगळा भाग पायी पाहायचा" हा घोष आमच्या घरात चालू होता. पायी पाहण्याला माझी हरकत नाही. हरकत एवढीच आहे, की या भागात माणसाला पाय असतात हे सर्वांनी गृहीत धरलेले असून, त्याला बसण्यासाठी आणखी एक अवयव दिलेला आहे याची दखल कोणीही घेतलेली नाही. बरे, उभे तरी राहू द्यावे! विल्यम इमर्सनने आखलेल्या, १८६९ सालच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा ज्योतिबा फुले मंडईच्या, दारावर लॉकवुड किपलिंगची शिल्पे आहेत. ती पाहण्यासाठी मी मान वर केली, तोच डोक्यावर पाटी घेतलेल्या एका हमालाने "ओ, बाजू, बाजू!" अशी आरोळी ठोकून मला कोपराने कडेला सारले. त्याचे काही चुकले नाही. तो कामावर होता आणि मी रसिकतेवर होतो.

मंगळदास मार्केटमध्ये बसायला मिळते, हे कबूल केले पाहिजे. तिथले दुकानदार पांढरी चादर घातलेल्या गादीवर "बसा ना ताई, बघायला पैसे पडत नाहीत" असे म्हणून आपल्याला बसवतात, आणि मग अशा काही वेगाने समोर ठाण उलगडू लागतात, की काहीही न घेता उठणे हा माणुसकीचा भंग वाटू लागतो. आम्ही तिथे घेतलेल्या ड्रेसपीसांची किंमत मी कापडाच्या खात्यात मांडत नाही. ते बसण्याचे भाडे होय. मुंबादेवीच्या देवळात हात जोडून डोळे मिटेपर्यंत "चला, पुढे चला" ऐकू आले. गिरगावात शिरल्यावर खोताच्या वाडीतल्या लाकडी घरांचे व्हरांडे पाहून मोह झाला. परंतु एके काळच्या साठ-पासष्ट घरांपैकी निम्मीही आता उरलेली नाहीत, जी आहेत त्यांत माणसे राहतात, आणि त्यांच्या दारात आगंतुकासारखे टेकण्याइतका मी अजून निर्ढावलेलो नाही. या सबंध पट्ट्यात निवांत बसलेले असे मला कोणी आढळले असेल, तर त्या भुलेश्वरच्या पांजरापोळातल्या गाई. सरकारी हुकमाने भटकी कुत्री मारली जात असताना, त्यांच्या रक्षणासाठी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी १८३४ साली ही संस्था उभी केली. तिथल्या गाई पाय दुमडून रवंथ करत होत्या, आणि त्यांच्यापैकी एकीच्याही मागे उभे राहून "तुमचं होत आलं ना?" असे कोणी विचारत नव्हते.

मी मात्र गाय नसल्यामुळे उत्तर देणे भाग होते. "आत्ताच बसलोय," असे मी शक्य तितक्या थंडपणे सांगितले.

"सावकाश होऊ द्या," काका म्हणाले आणि हलले नाहीत. "अजून काही यायचंय का?"

"कोथिंबीर वडी सांगितली आहे," आमच्या सौभाग्यवतींनी विनाकारण माहिती पुरवली.

"अरे वा. म्हणजे बारा मिनिटं धरा. तळायला घेतली असेल तर आठ." त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. मी चटणीची वाटी पुढे ओढली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरल्याचे मला समोरच्या आरशात स्पष्ट दिसले. "तुम्ही दुसऱ्यांदा चटणी मागवणार नाही ना? नाही, आपलं विचारलं. दुसऱ्यांदा चटणी मागवणारा माणूस लवकर उठत नाही, हा माझा अनुभव आहे."

काकांचा या विषयातला अनुभव अगाध निघाला. एकटा पुरुष मोबाईल खिशात ठेवून खात असेल तर तो दहा मिनिटांत उठतो. मोबाईल पेल्याला टेकवून उभा केला असेल, तर त्या टेबलाचा नाद सोडून द्यावा. दोन मैत्रिणी असतील तर त्यांच्या मागे उभे राहण्यापेक्षा घरी जाऊन स्वयंपाक करावा. "आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे मध्यमवयीन नवराबायको," ते आमच्याकडे कौतुकाने पाहत म्हणाले, "बोलण्यासारखं काही राहिलेलं नसतं. खातात आणि उठतात." सौभाग्यवती यावर इतक्या मनापासून हसल्या, की त्या दिवसातले त्यांचे तेवढे एकच हास्य असावे.

ही विद्या त्यांनी लोकलमध्ये कमावली असणार, असे मला वाटले. तिथे बसलेल्या माणसाला "कुठे?" एवढे एकाच शब्दात विचारायचे, त्याने "अंधेरी" म्हणायचे आणि त्या क्षणापासून त्याच्या खालची जागा विचारणाऱ्याच्या नावावर चढते, हा रिवाज मुंबईकराला कोणी शिकवावा लागत नाही. पण अंधेरीला उतरणारा माणूस अंधेरी आली म्हणून उतरतो; त्याने भाकरी कितपत चावली, यावर त्याचे उतरणे अवलंबून नसते. मी हे बोलून दाखवले. काका जराही दुखावले नाहीत.

"मी विरारहूनच आलो ना आता," ते म्हणाले. "दर शनिवारी येतो. जन्म इथलाच, मागच्या गल्लीतला. दहा बाय बाराची खोली आणि आम्ही अकरा माणसं. दोन पंगती व्हायच्या. पहिल्या पंगतीतला जेवत असला, की दुसऱ्या पंगतीतला त्याच्या पाठीशी उभाच असायचा. त्यात कसला आलाय अपमान? उलट बरं असतं, माणूस पानात टाकत नाही."

यावर काय बोलणार? माणूस उद्धट असला तर भांडता येते. निरागस असला की आपलाच घास अडकतो. त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, काका विरारला गेले, आणि त्या टॉवरचे खालचे कित्येक मजले आता केवळ मोटारी उभ्या करण्यासाठी राखलेले आहेत. म्हणजे गिरगावात मोटारीला बसायला जागा आहे, मोटारीवर छप्परही आहे. पायी हिंडणाऱ्या माणसासाठी मात्र एक बाक टाकावे, त्याच्या शेजारी धड स्वच्छतागृह असावे, असे या शहराच्या कोणत्याही आराखड्यात कोणाला सुचू नये, याचा मला खरोखर संताप येतो. पाणी पिण्यासाठी बाटली विकत घ्या, टेकण्यासाठी चहा मागवा, आणि मागवलेला चहा मागे उभ्या असलेल्या माणसाच्या घड्याळाबरहुकूम प्या! लहान मुलाला किंवा गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन या भागात येणारे लोक काय करत असतील, हा विचार माझ्या मनात आला आणि तेवढ्यात कोथिंबीर वडी आली. काका म्हणाले, "गरम आहे, फुंकून खा. पण खा."

मी खाल्ली. तोंड पोळले. वेटरने ओले फडके माझ्या कोपरापर्यंत फिरवत आणून "अजून काही, साहेब?" असे अशा सुरात विचारले, की त्याचे उत्तर केवळ "नाही" असेच असू शकत होते. मी हात धुवायला उठलो.

परत आलो तेव्हा माझ्या खुर्चीत काका बसलेले होते. सौभाग्यवती मात्र आपल्या जागी तशाच होत्या, कारण "तुम्ही कशाला उठता वहिनी, आरामात बसा" असा आग्रह त्यांना झाला होता, आणि आता त्या काकांच्या थालीपिठाचा तुकडा मोडत विरारच्या पाणीपुरवठ्याविषयी ऐकत होत्या. मी ड्रेसपीसांच्या पिशव्या सांभाळत काकांच्या पाठीशी उभा राहिलो. दारातून आलेल्या एका बाईंनी मला विचारले, "तुमच्यानंतर कोणी आहे का?" वेटर जाता जाता हळूच म्हणाला, "या टेबलाला वेळ लागेल, साहेब. कोपऱ्यातलं बघा."

शेवटी बिल आले, ते उभे असूनही माझ्याच हातात आले. त्यात आमच्या पदार्थांखाली एक पीयूष लिहिलेले होते. आम्ही पीयूष घेतलेले नव्हते. मी काकांच्या पेल्याकडे पाहिले, काकांनी माझ्याकडे पाहिले. "राहू दे हो," ते पेला संपवत उदारपणे म्हणाले, "पुढच्या शनिवारी मी देतो."