बंद गर्भनलिका ‘तारेने उघडते’: फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

कोल्हापुरात बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘नळी कुठेही बंद असो, बिनटाक्याची तार घालून उघडते.’ हे अर्धंच खरं आहे. नळी गर्भाशयालगत बंद असेल, तर योनीमार्गे बारीक कॅथेटर आणि तार सरकवून ती मोकळी करता येते. अंडाशयाकडच्या टोकाशी बंद होऊन पाण्याने फुगली असेल, तर तारेचा उपयोग नाही. तिथे बहुधा आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराआधी नळी काढायला किंवा क्लिप लावायला सुचवतात.

आणि बायांनो, एचएसजीच्या (गर्भाशयात औषध सोडून काढलेल्या नळ्यांच्या एक्स-रेच्या) फिल्मवर औषध गर्भाशयाच्या कोपऱ्यातच थबकलेलं दिसलं म्हणून लगेच रडत बसू नका. नळी तेवढ्यापुरती आकसली तरी तसंच दिसतं, हे आधी डॉक्टरांना विचारा. उघडलेली नळी पुन्हा बंद होऊ शकते. नळीतच गर्भ राहण्याचा धोकाही असतो, म्हणून पाळी चुकली की लगेच दाखवा.