पंतांची पत गेली, बाई चितेत पडली

काल संध्याकाळी एका जुन्या मासिकाच्या पुनर्मुद्रित खंडांचं खोकं आलं. सव्वादोन वर्षं ‘पुढच्या महिन्यात नक्की’ ऐकल्यावर आलं एकदाचं. प्रकाशनपूर्व सवलतीत चार हजार दोनशे भरले होते, पावती अजून फ्रिजवर चिकटलेली आहे, तिच्यावरचे आकडे उडून गेलेत.

मासिकाचं नाव मी घेणार नाही. घेतलं की प्रकाशक कोण हे शेंबडं पोरही सांगेल, आणि त्यांच्या ऑफिसातल्या गृहस्थांशी मला अजून तिसऱ्या खंडासाठी बोलायचं आहे. कारण खोक्यातून पहिला, दुसरा आणि चौथा निघाला. तिसऱ्याच्या जागी थर्माकोल.

बरं, तेही चालवून घेतलं असतं. नाहीतरी जुन्या मासिकांच्या नादी लागलेल्या माणसाला तिसरा खंड नसण्याची सवय असते. कुठल्याही ग्रंथालयात जा, तिसरा ‘बाइंडिंगला गेलाय’. कोणत्या साली गेला ते विचारायचं नसतं.

रात्री जेवण झाल्यावर दुसरा खंड उघडला. हात धुऊन, कोरडे करून. मूळ मजकूर सुरू होतो पान ४७ वर. त्याआधी काय? शुभेच्छा संदेश, आणखी शुभेच्छा संदेश, अध्यक्षांचे ‘दोन शब्द’ (अकरा पानं), संपादकांचं मनोगत, सहसंपादकांचं मनोगत, ऋणनिर्देश, पहिल्या खंडाच्या प्रकाशन समारंभाची रंगीत छायाचित्रं, त्यांत एकाच शालीत तीन वेगवेगळी माणसं. आणि हे सगळं संपल्यावर तळाला बारीक टायपात एक ओळ: ‘जागेअभावी मूळ अंकांच्या वेष्टनावरील मजकूर, जाहिराती, पुस्तकांची पोच व वर्गणीदारांस सूचना वगळण्यात आल्या आहेत.’

जागेअभावी!

अहो, सेहेचाळीस पानं तुम्हीच खाल्लीत की.

आणि नेमकं तेच वगळायचं? कथा-कविता काय, त्या त्या लेखकाच्या संग्रहांत कुठे ना कुठे सापडतात. पण ‘वर्गणी अगाऊ, टपालहशील निराळें’, कोणाची वर्गणी थकली म्हणून संपादक रडतोय, कुठल्या पुस्तकाची नुसती पोच देऊन परीक्षण टाळलंय, शेजारी कुठलं औषध कशाकशावर रामबाण म्हणून विकलं जातंय, हे कुठल्या संग्रहात सापडणार? हेच तर मासिक. बाकीचा नुसता मजकूर. यांनी शहाळं आणलं, पाणी ओतून टाकलं आणि करवंटीला सोनेरी ठसा मारला.

यावर फोनवर ऑफिसातले गृहस्थ म्हणाले, “मॅडम, जुन्या जाहिराती वाचतं कोण?”

मी! मी वाचते! पावतीवर नाव आहे बघा माझं!

पण हे तर काहीच नाही. खरी आग पुढे लागली. (हे अगदी शब्दशः घ्या.)

खंडात एक क्रमशः कथा आहे. चांगली चालली होती. दोन-तीन हप्ते मी रमले. आणि एका फर्म्यापासून, म्हणजे सोळा पानं, पुस्तकाला काय झालं कळेना. ‘मुबई’. मला वाटलं एखादी छपाईची चूक. मग ‘पत घरात आले’. कोणाची पत? पुढे ‘पत पलगावर बसले’. ओहो, पंत! पंतांची पत गेली ती अशी, बसल्या पलंगावर. मग त्यांनी थोरल्या भावाला पत्र लिहिलं, त्यात ‘साष्टाग वदन’. पत्र पाठवून झाल्यावर ‘त्याच्या मनास खत वाटली’. खत. एकोणिसाव्या शतकात. मनाला.

आणि मग ती बाई. नवऱ्याची खबर नाही, सासू बोलत नाही, बिचारी ‘रात्रदिवस चितेत पडली’.

चितेत!

पुढच्याच परिच्छेदात ती उठून पाट मांडते, ताटं वाढते, सासूला हाक मारते. चितेतून. चिता आणि चिंता यांत एका टिंबाचा फरक, हे आपल्याकडे संस्कृत सुभाषितापासून आजीच्या तोंडापर्यंत सगळे सांगून गेले, आणि यांनी तेवढंच टिंब नेमकं पुसलं.

झालं काय असेल ते दिसतंच आहे. कोणीतरी ठरवलं की जुने अनुस्वार आजच्या वाचकाला जड जातील. ‘नाहीं’चं ‘नाही’ करा, ‘त्यानें’चं ‘त्याने’ करा. कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाने एक बटण दाबलं, ‘सगळे बदला’. सगळे बदलले. मुलावर माझा राग नाही, त्याला पानामागे काय मिळत असेल ते मला माहीत आहे. राग आहे तो शाल पांघरलेल्या तिघांवर. मुखपृष्ठावर तीन संपादक छापलेत, पैकी एकानेही सोळा पानं डोळ्यांखालून घालू नयेत?

बरं, हे करायला सांगितलं कोणी? मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले हे मान्य. पण महामंडळाच्याच नियमांत लिहिलंय की केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचं गद्य छापताना ते मुळाप्रमाणेच छापावं. चिपळूणकरांच्या निबंधमालेचा पहिला अंक निघाला १८७४ मध्ये. ही कथा त्याच्या आधीची. म्हणजे नियम मोडायचा तर मोडला, पण नियम पाळतोय अशा थाटात मोडला! मनोगतात ठळक अक्षरांत आहे, ‘प्रमाणलेखनाच्या प्रचलित नियमांनुसार’. कोणाच्या घरच्या नियमांनुसार?

कवितांचं तर विचारूच नका. वृत्तात लिहिलेली कविता आहे, ‘कवि’तला ऱ्हस्व इकार यांनी इमानेइतबारे दीर्घ केला. लघूचा गुरू झाला, ओळ लंगडायला लागली. मी मोठ्याने म्हणून बघितली तर आतल्या खोलीतून आवाज आला, “काय झालं? उचकी लागली का?”

आता निघालंच आहे तर बाकीचंही निघू दे. सूची नाही. तीन खंड मिळून दोन हजारांवर पानं, आणि लेखकसूची नाही, विषयसूची नाही, अनुक्रमणिकेत नुसतं ‘कविता’ असं बावीस वेळा. शंकर गणेश दात्यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, कॉम्प्युटर नसताना. यांच्याकडे कॉम्प्युटर होता, पण तो टिंबं पुसण्यात गुंतला होता.

‘निवडक’ हा शब्द माझ्यासमोर काढू नका. कोणी निवडलं? कशावरून? निवडून टाकलेलं कुठे ठेवलंय, ते द्या मला.

आणि दर दिवाळीला उठून १९०९ सालच्या ‘मनोरंजन’च्या पहिल्या दिवाळी अंकावर कंठ दाटून बोलणारे वक्ते. त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, हे एकदा सांगून झालं की पुढे काय? अंक बघितलाय का? वर्ष तोंडपाठ, अंक डोळ्यांनी पाहिलेला नाही.

आणि स्कॅन करणारे. पानाच्या कोपऱ्यात यांचा अंगठा. एका जुन्या मासिकाच्या संपूर्ण वर्षात मला एकाच माणसाचा अंगठा भेटला आहे, आता तो समोर आला तर मी चेहऱ्याआधी नख ओळखीन. आणि ग्रंथालयाचा तो जांभळा गोल शिक्का! कोऱ्या जागेवर मारायचा नाही अशी शपथ असते का? कवितेच्या ध्रुपदावरच?

इथे मला पाणी प्यायला उठावं लागलं.

उठले, आणि समोरच्या कपाटात वडिलांचे बांधलेले दिवाळी अंक दिसले. एकदम गप्प झाले. त्याची हकिकत अशी की नोकरीला लागल्यावर पहिल्या बोनसमधून मोठ्या प्रेमाने ते मीच बाइंडिंगला दिले होते. बाइंडर म्हणाला, “ताई, कव्हरं आणि जाहिरातींची पानं काढू ना? नाहीतर फार जाड होईल, दोन भाग करावे लागतील. दोन्हींचे पैसे पडतील.” आणि मी म्हणाले, “काढा.”

त्यांत ‘दीपावली’चे अंक होते. चित्रकार दलालांची मुखपृष्ठं. दीनानाथ दलाल! मी ‘काढा’ म्हणाले! वडील आयुष्यात त्यावर एक शब्द बोलले नाहीत, फक्त नंतर कधीतरी खंड हातात घेऊन म्हणाले, “सुटसुटीत झालाय.”

तर जागेअभावी वगळण्यात मीही काही कमी नाही. हे कबूल. पण मी निदान अकरा पानांचे दोन शब्द लिहून चिकटवले नव्हते. आणि कोणाकडून चार हजार दोनशे घेतले नव्हते. त्यामुळे राग तसाच ठेवून आज सकाळी पुन्हा फोन केला.

“मॅडम, शुद्धिपत्र काढतोय ना आपण.”

“कधी?”

“तिसऱ्या खंडात घालून देऊ.”

“आणि तिसरा?”

“पुढच्या महिन्यात. नक्की.”

मग मी त्यांना चितेतली बाई वाचून दाखवली. पलीकडे जरा शांतता. मला वाटलं, लागलं मनाला. खंत वाटली, किंवा खत. तर म्हणाले, “मॅडम, कथा मात्र छान आहे हं. मी वाचली नव्हती.”

घरातलं मत असं पडलं की मी ही पुस्तकं परत पाठवावीत. परत! पाठवून काय करू? दुसरी आवृत्ती कुठे आहे? मूळ अंक बघायला गेलं तर हात लावल्याबरोबर पानाचा चुरा होतो, आणि मिळालेच तर तो अंगठा आहेच. ‘तुझे आधीचे दोन संच अजून प्लास्टिकमध्ये आहेत’ हेही त्याच मतात मिसळून सांगण्यात आलं, त्याचा इथे संबंध नाही.

दुपारी काळं बारीक टोकाचं पेन घेतलं आणि फर्मा उघडून बसले. पहिलं टिंब तिच्यावर दिलं. बाई वाचली. मग पंतांची पत सावरली, खताची खंत केली, मुंबईला डोक्यावर बिंदी दिली. पाच पानं झाली. सहाव्यावर हात फिरला आणि सगळी टिंबं पसरून तिथे शेपटं झाली. कागद गुळगुळीत आर्ट पेपर, शाई धरतच नाही. जागेअभावी सगळं वगळलं, पण कागद मात्र एक नंबर.