तसूभर सल्ला

मायमराठीवर प्रेम करायचं ठरवलंच असेल, तर जुन्या मापांपासून सुरुवात करा. फार वाचावं लागत नाही आणि कोणी पडताळून बघत नाही. किलो म्हणालात की समोरचा काट्याकडे बघतो. पायली म्हणालात की तुमच्याकडे बघतो, तेही आदराने. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, एवढं पाठ करून ठेवा. पायलीत तांदूळ किती किलो बसतात असं विचारणारा कोणी खवट भेटलाच, तर "ते गावागणिक वेगळं असायचं" म्हणून मोकळे व्हा. खोटंही नाही ते.

पहिला धडा सराफाच्या पेढीवर गिरवा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजांनी तो 180 ग्रेनचा ठरवून दिला, म्हणजे जवळजवळ 11.66 ग्रॅम. आज 'दोन तोळ्यांचा हार' म्हणून जो समोर येतो, तो 20 ग्रॅमचा असतो. शब्द अख्खा राहिला आणि तोळ्यामागे दीड ग्रॅमहून जास्त सोनं गुपचूप उतरून गेलं. तरी घरी सांगताना तोळेच सांगा. "मुलीला वीस ग्रॅम घातले" म्हणून बघा, बाळाला गुटी दिल्यासारखं वाटतं.

जमिनीलाही हेच औषध. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. पण हजार फुटांचा तुकडाही हल्ली गुंठा म्हणून मिरवतो. उरलेले 89 रस्त्यात गेले म्हणायचं. रस्ता कुठे आहे, हे विचारायचं नाही. गुंठामंत्री उगाच का होतं कोणी!

भाषण करायचं असेल तर तसू हाताशी ठेवा. गजाचा चोविसावा भाग तो, साधारण इंचभर. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून टेबल आपटून सांगा, "तसूभरही मागे हटणार नाही!" टाळ्या पडतील. हमी तेवढ्या इंचाचीच दिलेली असते. पुढे दोन तसू हटलात तर शब्द कुठे मोडला?

एखाद्याला कमी लेखायचं झालं की "तो अमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही" म्हणा. पासंग म्हणजे काय ते मात्र कोणाला सांगू नका. तागडीची दोन पारडी सारखी नसली, की हलक्या बाजूला खडा, खिळा, दोरीचा तुकडा, जे हाताला लागेल ते बांधतात, तो पासंग. म्हणजे ज्या थोर माणसाचे गोडवे गाताय, त्याची तागडी मुळात कलती आहे, हे आपण भरसभेत बोलून जातो आणि तोच मान डोलावत असतो.

वेळेचं तर विचारूच नका. पत्रिकेवर मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा छापा, मंगलाष्टकं सव्वाला सुरू करा. 38 मिनिटं उशीर म्हटलं तर पाहुणे जेवणाच्या रांगेकडे बघून चिडतात. "दीड घटका झाली असेल" म्हटलं की तीच संस्कृती होते. पूर्वी घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. ती 24 मिनिटांत भरून बुडाली की घटका झाली. ते घटिकापात्र आता रुखवतात ठेवा. कोरडंच.

शास्त्राची आवड असल्यास 'वैधमापनशास्त्र' हा शब्द तोंडात बसवा. भाजीवाल्याच्या काट्याची तपासणी करणाऱ्या खात्याचं हे अस्सल सरकारी नाव. ते एका दमात म्हणून होईपर्यंत भाजीवाला मिरच्या तोलून, वर कढीपत्ता टाकून, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

फक्त ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि सूत यांच्या वाटेला जाऊ नका. हे शब्दही जुनेच, पण अजून कामाला जुंपलेले आहेत. गवंड्याने ओळंबा सोडला आणि "दोन सूत बाहेर आहे" म्हणाला, की भिंत खरोखरच पाव इंच बाहेर असते. असल्या शब्दांचा अभिमान कसा बाळगणार? त्यात चूक सापडते.

आणि लग्नघरात माप ओलांडायला माप लागतंच. मामेभावाच्या लग्नात आम्ही ते ऑनलाइन मागवलं: बाहेरून लाल मखमल, मोत्यांची झालर, कुंदनाचा मोर. तांदूळ भरायला आजीला बसवलं. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणणाऱ्या पिढीतली ती. तिने "लाभ" म्हणून पहिली मूठ टाकली, दुसरी टाकली आणि माप शिगोशीग भरलं. आजी थांबली. तांदूळ परातीत ओतून तिने आत बोटं घातली, मग माप उलटं करून खालून टिचकी मारली. आत चार बोटं वर पुठ्ठा चिकटवलेला होता.

"आमच्या वाण्याच्या मापालाही असाच तळ होता," ती म्हणाली. "मखमल नव्हती एवढंच."