‘सुट्टीतही स्वयंपाकच?’ : तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर द्यायला मुद्दाम दोन दिवस घेतले. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मुलं लहान असतील तर ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टपेक्षा (म्हणजे जिथे राहणं, जेवण, पेयं सगळं एकाच दरात धरलेलं असतं) स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्यावं. त्यावर तुम्ही म्हणता, वर्षभर ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईला सुट्टीतही ओट्यापाशीच उभं करायचं, ही कसली सुट्टी? शिवाय शेवटी खर्च सारखाच होतो, मग आयतं ताट का सोडायचं?

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. स्वयंपाक कोण करणार, हे मी लिहिलंच नाही. आमच्याकडे जायच्या आधीच वाटणी ठरते: सकाळचं सगळं नवऱ्याकडे, संध्याकाळचं फक्त मुलांचं माझ्याकडे, आणि आम्ही दोघं रोज एकदा बाहेर जेवतो. हे ठरलेलं नसेल तर सगळं आईच्याच अंगावर पडतं, आणि तशा घरात माझा सल्ला लागू होत नाही. ज्या आईला आठवडाभर भांड्याला हात लावायचा नाही, तिने खुशाल रिसॉर्टला जावं. हे वाक्य मूळ लेखात असायला हवं होतं.

पण मी अपार्टमेंटकडे का वळले, ते सांगते. मोठी मुलगी चौदा महिन्यांची असताना आम्ही ऑल-इन्क्लुझिव्हला गेलो होतो. रात्रीचा बुफे सातला उघडायचा. तिचे डोळे सहालाच मिटायला लागायचे. डायनिंग हॉलच्या बंद दारासमोर तिला कडेवर घेऊन मी गालिच्यावर फेऱ्या मारायचे, ती माझ्या खांद्यावर नाक घासत रडायची, आतून भांड्यांचे आवाज यायचे. दार उघडून ताट समोर येईपर्यंत सव्वासात झालेले असायचे आणि ती उंच खुर्चीत मान टाकून झोपलेली असायची. मग पहाटे तीनला भुकेने जागी. खोलीत एक किटली आणि बिस्किटांचे दोन पुडे, बस्स. त्या आठवड्यात मी एकही भांडं घासलं नाही, तरी इतकी दमून परत आले की पुढचे चार दिवस नुसती झोपत होते. दमवलं ते घड्याळाने.

पुढच्या वर्षी अपार्टमेंटमध्ये साडेपाचला बटाटा उकडला, कुस्करला, सोबत केळं. तेवढाच स्वयंपाक. सातला ती गाढ झोपली, आणि आम्ही दोघं बाल्कनीत बसून निवांत जेवलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून 11 ते 14 तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13. सकाळी सहाला उठणारं आणि दुपारी दोन तास झोपणारं वर्षाचं मूल संध्याकाळी सातला झोपलं, तर कुठे त्याचे 13 तास भरतात. सातला उघडणारा बुफे त्याच्या काय कामाचा?

आता खर्च. दोन वर्षांखालच्या मुलाचे पैसे बरीच रिसॉर्ट्स घेत नाहीत, हे खरं. पण मोठ्यांच्या दरात पेयं, रात्रीचे कार्यक्रम, पाण्यातले खेळ असं सगळं धरलेलं असतं, आणि तान्ह्या मुलाचे आईबाप त्यातलं काय वापरतात? एक जण जेवतो तेव्हा दुसरा बाळाला फिरवत असतो. सगळं एकाच दरात देण्याची ही पद्धत 1950 मध्ये क्लब मेड या सुट्ट्या आयोजित करणाऱ्या फ्रेंच संस्थेने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून लोकप्रिय केली, ती मोठ्या माणसांना रोजच्या काळज्या विसरायला लावण्यासाठी. तिची वेळापत्रकं मला आजही मोठ्यांचीच वाटतात.

मात्र मूल चार-साडेचारचं झालं की माझं मत उलटं होतं, आणि हेही मी स्पष्ट लिहायला हवं होतं. किड्स क्लब, म्हणजे रिसॉर्टमध्ये मुलांना सांभाळून खेळवायची जागा, बहुतेक ठिकाणी तीन-चार वर्षांपासून पुढच्यांनाच घेतात. या वयात मूल आठपर्यंत तग धरतं, आपलं ताट आपण वाढून घेतं. नवीन पदार्थाला नाक मुरडणं दोन ते सहा या वयात सर्वांत जास्त असतं, पण बुफेत तोच पदार्थ रोज समोर दिसतो, चिमूटभर वाढून घेतला तरी चालतं, टाकला तरी आपला जीव तुटत नाही. माझ्या मुलीने घरी वर्षभर नाकारलेली भाजी तिथे पाचव्या दिवशी स्वतःहून उचलली.

एका बाबतीत मात्र मी अडून राहीन. मुलाला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर स्वतःचं स्वयंपाकघरच घ्या. बुफेत एका भांड्यातला डाव दुसऱ्या भांड्यात जातो, आणि तो कुणी घातला हे कुणालाच माहीत नसतं. शिजलेलं अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिलं पाहिजे आणि साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, हा नियम चांगली हॉटेलं पाळतात. डावाची सरमिसळ मात्र पाहुणेच करतात. डब्याच्या दुधाच्या बाळासाठी तेवढी अडचण नाही. पावडर किमान 70 अंशांच्या पाण्यात कालवावी लागते, त्याला खोलीतली किटली पुरते.

अपार्टमेंटचा धोका तुम्ही लिहिला नाहीत, तो मीच सांगते. तिथे सुऱ्यांचा खण, शेगडी, बाल्कनीचं दार, सगळं मुलाच्या हाताशी असतं. सामान उघडण्याआधी मी गुडघ्यांवर रांगत सगळ्या खोल्या फिरते. खाजगी पोहण्याच्या तलावाभोवती स्वतःहून बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपण नसेल, तर ती जागा मी घेतच नाही. बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, आणि चहा ओतायला पाठ फिरवली तेवढा वेळ त्याला पुरतो.

तुमचा धाकटा दीड वर्षाचा आणि थोरली पाचची, असं तुम्ही लिहिलंय. हे सर्वांत अवघड गणित. मी तुमच्या जागी असते तर खोलीतच स्वयंपाकघर असलेलं रिसॉर्ट शोधलं असतं, नाश्ता आणि एक जेवण त्यांच्याकडे. बुक करण्याआधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: रात्रीचं जेवण नक्की किती वाजता सुरू होतं, लहान मुलाचं ताट त्याआधी खोलीत मिळेल का, आणि खोलीत फ्रिज आहे की फक्त पेयांचं छोटं कपाट. काय उत्तर मिळालं ते इथे कळवा, थोरलीसाठी किड्स क्लबचं काय विचारायचं ते मग बोलू.