खुलासा: ‘सोसवेल तेवढंच दुःख देव देतो’ हे बायबलमधलं वचन नव्हे

कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी मयत झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर हा संदेश फिरतोच: ‘देव माणसाला सोसवेल तेवढंच दुःख देतो – बायबल.’ असं वचन बायबलमध्ये कुठेही नाही. आधार म्हणून करिंथकरांस पहिले पत्र 10:13 दाखवतात, पण तिथे विषय दुःखाचा नाही, पापाच्या मोहाचा आहे: शक्तीपलीकडचा मोह देव तुमच्यावर येऊ देणार नाही. आधीच्या ओळींत मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर यांचीच उदाहरणं आहेत.

उलट करिंथच्या त्याच ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (1:8) ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की आशियात (आजच्या तुर्कस्तानातला तेव्हाचा रोमन प्रांत) आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा सुटली. मग खचलेल्या माणसाला ‘तुला झेपेल’ असं ऐकवून त्याचं रडणं कमीपणाचं का ठरवायचं?

त्याच्याजवळ बसा आणि बायबलमधल्या हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 3:17-18 वाचा. अंजीर फुलला नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, असं झालं तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं संदेष्टा म्हणतो. एकही नुकसान तो झाकत नाही. फिलिप्पै शहरातल्या मंडळीला ‘सर्वदा आनंद करा’ असं लिहिणारा पौलही तेव्हा बंदिवासातच होता.