छतावरची वीज आणि ‘खैरात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘सजग ग्राहक’ यांस,

घरच्या बॅटरीत साठवलेली सौरवीज संध्याकाळी ग्रीडला, म्हणजे विजेच्या सार्वजनिक जाळ्याला, विकण्यावर मी लिहिलं, त्याखालची आपली प्रतिक्रिया वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा दिलं असतं तर ते छापण्याजोगं झालं नसतं.

इतर वाचकांसाठी आपलं म्हणणं थोडक्यात सांगतो. बॅटरीत जिरणारी वीज आणि बॅटरीची झीज मी हिशेबात धरली नाही. विकण्यापेक्षा स्वतः वापरलेलं युनिट जास्त फायद्याचं असतं, हे मी दडवलं. माझी भाषा पॅनेल विकणाऱ्याची आहे. मी स्वतःचं बिल दाखवावं. आणि मग हे वाक्य: ‘छतवाल्यांना मिळणारे निर्यातीचे पैसे म्हणजे बिनछतवाल्यांच्या बिलातून दिलेली खैरात आहे.’ (छतवाले म्हणजे ज्यांच्या छतावर सौर पॅनेल आहेत ते, आणि निर्यात म्हणजे त्यांनी ग्रीडला दिलेली वीज.)

मतभेद असू द्या, त्याचं काही नाही. पण ‘पॅनेल विकणाऱ्याची भाषा’? मी जन्मात कुणाला एक स्क्रूही विकलेला नाही. माझी उमेदीची वर्षं वीज वितरणात गेली. उपकेंद्रात रात्रपाळ्या काढल्या आहेत. दिवेलागणीपासून फीडरवरचा, म्हणजे उपकेंद्रातून वस्तीकडे जाणाऱ्या वाहिनीवरचा, भार कसा चढत जातो, ट्रान्सफॉर्मरचं तापमान वाढायला लागलं की लॉगबुकात आकडे भरणाऱ्याच्या पोटात कसा गोळा येतो, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. अशा माणसाला विक्रेता ठरवण्याआधी लेखाशेजारी दिलेला परिचय तरी वाचायचा होता. टोपणनावाने लिहिणाऱ्यांना एवढी तसदी घ्यावी लागत नाही, हे खरं.

एक मात्र मान्य करतो. लेखाचं ‘सूर्य मावळल्यावरची कमाई’ हे शीर्षक जरा भडक होतं. पुढच्या वेळी सौम्य देईन.

आता ती खैरात.

तुमचा राग आहे तो नेट मीटरिंगवर. दुपारी ग्रीडला दिलेलं एक युनिट आणि रात्री ग्रीडकडून घेतलेलं एक युनिट सारख्याच मोलाचं धरायचं आणि उरलेल्या फरकाचं बिल करायचं, अशी ती पद्धत. यात तारा, खांब, उपकेंद्रं हे सगळं छतवाल्याला फुकटच्या कोठारासारखं वापरायला मिळतं. त्याचं बिल शून्यावर येतं, पण जाळं सांभाळण्याचा खर्च काही शून्यावर येत नाही. तो उरलेल्यांच्या बिलात जातो. ही तक्रार खरी आहे आणि ती करणारे तुम्ही पहिले नाही. अमेरिकेतल्या हवाई राज्याने २०१५ मध्येच नव्या ग्राहकांसाठी नेट मीटरिंग बंद केलं. कॅलिफोर्नियाने १५ एप्रिल २०२३ पासून नव्या छतांना वेगळी पद्धत लावली आणि निर्यातीचा मोबदला सरासरी ७५ टक्क्यांच्या आसपास खाली आला. नेदरलँड्समध्ये ही सवलत १ जानेवारी २०२७ ला संपते आहे. ब्रिटनच्या २०१० च्या योजनेत तर निर्यातीचा मीटर नसलेल्या घरांनी तयार केलेली निम्मी वीज ग्रीडला दिली असं गृहीतच धरलं जाई. सगळी घरात वापरली, तरी निम्म्या विजेचे निर्यातीचे पैसे खिशात! यावर बोट ठेवून तुम्ही खैरात म्हणाला असतात, तर मी मान डोलावली असती. ती योजनाही २०१९ मध्ये नव्यांसाठी बंद झाली आणि १ जानेवारी २०२० पासून तिथे नव्या छतांना मोजलेल्या युनिटांचेच पैसे मिळतात.

माझा लेख यातल्या कशावर होता? कशावरच नाही. तो होता वेळेनुसार बदलणाऱ्या दरावर. दुपारी बॅटरी भरायची, संध्याकाळी मागणी कळसाला पोचली की तीच वीज बाहेर द्यायची आणि त्या तासाचा भाव घ्यायचा. तुम्ही मी न लिहिलेल्या लेखावर टीका केली आहे, आणि तीही बऱ्याच आवेशाने.

कॅलिफोर्नियाचं ग्रीड सांभाळणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये एक आलेख मांडला, तो पुढे बदकाच्या आकृतीचा आलेख म्हणून गाजला. सौरवीज वजा केली की दुपारची मागणी पोटासारखी खाली बसते आणि सूर्य कलला की मानेसारखी उभी चढते. २०२० पर्यंत ही चढण तीन तासांत १३,००० मेगावॉटच्या आसपास जाईल, असा तो अंदाज होता. ती चढण चढायला एरवी कोण पुढे येतं? झटकन सुरू होणारी, महागडी गॅसवरची केंद्रं. त्यांना त्या तासाचा चढा भाव मिळतो, त्याला कुणी खैरात म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. तेच काम घरातली बॅटरी करते तेव्हा मात्र छतवाला लाभार्थी ठरतो! कॅलिफोर्नियाच्या नव्या पद्धतीत ऑगस्ट-सप्टेंबरच्या काही संध्याकाळी निर्यातीच्या युनिटचं मोल दुपारच्या युनिटच्या कित्येक पट असतं. दुपारचं स्वस्त, संध्याकाळचं महाग. नेमकं हेच न्याय्य आहे, आणि हेच मी लिहिलं होतं.

दुसरं असं की, दुपारी एकाच ट्रान्सफॉर्मरवरची पाच-पंचवीस घरं एकदम वीज बाहेर ढकलू लागली की तिथला व्होल्टेज चढतो. मर्यादेबाहेर गेला की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे इन्व्हर्टर आपणहून ग्रीडपासून सुटे होतात आणि ऐन उन्हात पॅनेल बसून राहतात. म्हणूनच निर्यातीवर किलोवॉटची मर्यादा घालतात. नीट चालवलेली बॅटरी दुपारची ही गर्दी कमी करते. म्हणजे ज्या बिनछतवाल्या शेजाऱ्याच्या वतीने तुम्ही भांडता आहात, त्याच्या घरातला व्होल्टेजही तीच सांभाळते. जर्मनीने तर फेब्रुवारी २०२५ मधल्या कायद्याने स्मार्ट मीटर असलेल्या बहुतेक नव्या छतांसाठी, वीज गरजेपेक्षा जास्त होऊन बाजारभाव शून्याखाली गेलेल्या काळाचा मोबदलाच थांबवला. खैरात वाटणारे असे वागतात का?

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. बॅटरीत शंभर युनिटं भरली की पंच्याऐंशी ते नव्वद परत मिळतात, हे माझ्या लेखातल्या तक्त्याखालच्या तळटीपेत आहे. ती घट बेरजेत धरली की नाही यावर शब्दाला शब्द वाढवण्यात मला रस नाही. ज्याला धरायची त्याने धरावी. झिजेचं म्हणाल तर बॅटरी नुसती पडून राहिली तरी वयाने म्हातारी होतेच, मग निदान काम करून होऊ दे. आणि स्वतः वापरलेलं युनिट बहुधा जास्त फायद्याचं, हे तिसऱ्या परिच्छेदात मीच लिहिलं आहे. लेख तिथपर्यंत वाचला असेल, असं मी धरून चालतो.

राहता राहिलं माझं बिल. ते इथे टाकणार नाही. खासगी आहे म्हणून नव्हे, तर एका घराच्या एका बिलावरून काहीच सिद्ध होत नाही म्हणून. आणि खरं सांगायचं तर ज्या सुरात ते मागितलं गेलं, त्या सुरात मागणाऱ्याला मी काही दाखवत नाही. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘पॅनेल विकणारा’ तेवढं मागे घ्या आणि खऱ्या नावाने या, मग बेरजेवरही बोलू.